नाव कोण मागून राहिलं?

2013 च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रविवारी दुपारी नेहमीसारखा नागपूरला फोन लावला आणि बाबांना सांगितलं, की इंग्लंडमधल्या आमच्या हल गावच्या फुटबॉल क्लबचं नाव बदलायला निघालेत आणि विरोध करणाऱ्यांत मीही आहे. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. इंदोऱ्याच्या घरातला पंखा फोनमधून ऐकू येत होता. मग त्यांनी एकच विचारलं, "नाव कोण मागून राहिलं?"

"मालक."

"मंग बरोबर करून राहिली," म्हणाले, आणि जेवण झालं का ते विचारलं.

मागच्या महिन्यात हे बोलणं पुन्हा आठवलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नामांतरावरून जुंपली होती. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आता पुढचं कोणतं, असा विषय होता. मी मध्ये काही लिहिलं, तेव्हा धाकट्या भावाने मला गाठलं. "ताई, तू तिकडं क्लबचं नाव बदलू नका म्हणून घसा फोडला. आणि इकडं बाबा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी चालत गेले ते अभिमानानं सांगते. दोन्ही कसं काय चालते?"

प्रश्न रास्त आहे. ग्रुपवर चार ओळीत त्याचं उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहिते.

मी राहते ते हल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, हंबरच्या काठचं बंदर. 2008 च्या सप्टेंबरमध्ये फार्मासिस्ट म्हणून इथे आले. त्याच वर्षी 24 मे रोजी वेम्बलीच्या मैदानावर हल सिटीने ब्रिस्टल सिटीला 1-0 ने हरवलं होतं. गोल केला होता हलमध्येच जन्मलेल्या, 39 वर्षांच्या डीन विंडासने. क्लबची स्थापना 1904 ची. म्हणजे 104 वर्षांनी हा क्लब इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीत पोचला होता. मी दुकानात रुजू झाले तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेली म्हातारी माणसंसुद्धा आधी तो गोल सांगायची आणि मग चिठ्ठी पुढे करायची. गावाशी ओळख व्हायला मला दुसरं काही लागलंच नाही. काळा आणि अंबर हे क्लबचे रंग. अंबर म्हणजे पिकल्या संत्र्याच्या सालीचा रंग, नागपूरच्या माणसाला तो परका कसा वाटेल? पहिल्याच हिवाळ्यात मी मफलर घेतला, तो अजून वापरते.

क्लबचं टोपणनाव टायगर्स. 2010 च्या डिसेंबरमध्ये, क्लब कर्जात बुडाला असताना, असेम अल्लम यांनी तो विकत घेतला. हे मूळचे इजिप्तचे. 1968 मध्ये नासरच्या राजवटीतून निघून ते हलला आले, इथल्या विद्यापीठात शिकले, जनरेटरच्या धंद्यात मोठे झाले. त्यांनी क्लबमध्ये स्वतःचे कोट्यवधी पौंड ओतले. ते नसते तर क्लब कदाचित राहिलाच नसता, हे त्यांच्या विरोधकांनीही कधी नाकारलं नाही. बाहेरून आलेला माणूस गावासाठी उभा राहतो हे पाहून मला तर आपला कोणीतरी वाटायचा. म्हणून पुढचं सगळं जास्त लागलं.

2013 मध्ये क्लब पुन्हा वरच्या श्रेणीत गेला आणि त्या उन्हाळ्यात अल्लम यांनी सांगितलं, की क्लबचं नाव आता 'हल टायगर्स' होईल. सिटी नावाचे क्लब ढिगाने आहेत, हा शब्द सामान्य आहे. छोटं, धारदार नाव जगाच्या बाजारात चालतं, विशेषतः आशियात, असा त्यांचा हिशोब. नोंदणीतल्या कंपनीचं नाव आधीच बदलून 'हल सिटी टायगर्स' झालं होतं. नागपूरच्या मित्रमंडळींना हे नाव आवडलं, ते खोटं कशाला सांगू? ताडोबा-पेंचच्या वाटेवरचं आपलं गाव, वाघ म्हटलं की आपली छाती फुगते. पण आशियातल्या ज्या माणसासाठी हे नाव निघालं होतं ती मीच, आणि मला 'सिटी' हवं होतं.

का हवं होतं, ते मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं. हेसल रोडवरच्या मच्छीमार घरातला माणूस, तरुणपणी ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटीवर होता. 1968 च्या जानेवारी-फेब्रुवारीत हलचे तीन ट्रॉलर काही आठवड्यांच्या अंतराने बुडाले, 58 माणसं गेली. पुढे 1976 मध्ये आइसलँडने 200 मैलांपर्यंतचं पाणी आपलं म्हणून राखलं आणि इथली दूरच्या समुद्रातली मासेमारी संपली. त्याआधीच, 1975 मध्ये, सेंट अँड्र्यूज गोदी बंद झाली होती. 2002 मध्ये क्लबचं जुनं मैदान बुथफेरी पार्कही सुटलं. आजोबा 2013 च्या हिवाळ्यात कुंपणापाशी उभे राहून मला म्हणाले होते, काम गेलं, गोदी गेली, मैदान गेलं, आता शनिवारी ओरडायला एक शब्द उरलाय, तो तरी राहू दे.

मला माझे आजोबा दिसले. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. 1877 सालची, जमशेटजी टाटांनी काढलेली मिल. नागपूरच्या कितीतरी घरांचा चुलीवरचा भात तिच्यावर शिजला. मिल बंद पडली, पाडली, आणि त्या जागी मॉल आला. मॉलच्या नावात 'एम्प्रेस' ठेवलं आहे. कामगार गेले, भोंगा गेला, नाव काचेवर लागलं. नाव राखणं म्हणजे माणसं राखणं नव्हे, हे मला तिथे गेल्यावर दर वेळी जाणवतं. हलमध्ये उलटं झालं होतं. तिथे माणसं जागेवर होती आणि नाव काढून घेत होते.

विरोध करणाऱ्यांनी आपल्या मोहिमेचं नाव ठेवलं होतं 'सिटी टिल वी डाय', मरेपर्यंत सिटीच. सामन्यात 19 मिनिटं 4 सेकंद झाली की स्टँडमधून तीच घोषणा उठायची. 1904 सालची ती खूण होती. थंडीत बोटं गारठलेली आणि आजूबाजूची अनोळखी माणसं घड्याळाकडे बघत एकदम उठून गाऊ लागतात, हे मी आयुष्यात विसरणार नाही. त्यावर अल्लम यांनी उत्तर दिलं, की यांना हवं तितक्या लवकर मरू दे. फुकटात मिळालेलं सगळं प्रेम त्या एका वाक्याने घालवलं.

नाव बदलायला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची परवानगी लागते. म्हणून क्लबने सीझन तिकीट असलेल्यांचं मत मागवलं. एक पर्याय होता, 'होय, हल टायगर्स, आणि अल्लम कुटुंबाने क्लब पुढे चालवावा'. दुसरा 'नाही'. तिसरा, 'फारशी फिकीर नाही, आम्ही कसेही पाठीशी राहू'. पहिल्या पर्यायातली मेख बघा. नावाला होकार द्या, नाहीतर पैसेवाला माणूस जाईल, ही भीती प्रश्नातच विणलेली होती. त्यातही निकाल लागला तो असा: होय 2,565, नाही 2,517, फिकीर नाही 792. सुमारे 15,000 तिकीटधारकांपैकी निम्म्यांनीही मत दिलं नव्हतं. मी 'नाही'वर खूण केली. 9 एप्रिल 2014 रोजी असोसिएशनच्या कौन्सिलने 63.5 टक्के मतांनी नामांतर फेटाळलं. पुढच्या महिन्यात, 17 मे रोजी, एफए कपच्या अंतिम सामन्यात आर्सेनलविरुद्ध आम्ही पहिल्या आठ मिनिटांत दोन गोल केले आणि जादा वेळेत 3-2 ने हरलो. पण वेम्बलीच्या फलकावर नाव होतं हल सिटी. 2015 मध्ये लवादाने आधीचा निर्णय बाजूला ठेवला, तेव्हा कौन्सिलने पुन्हा मत घेऊन पुन्हा नकार दिला.

आता भावाच्या प्रश्नाकडे येते.

27 जुलै 1978 रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, पोचिराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. आमच्या नागपुरातही निदर्शनं झाली, गोळीबार झाला. इंदोऱ्यातलं नामांतर शहीद स्मारक त्याचीच आठवण आहे. नोव्हेंबर 1979 मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. बाबा तेव्हा विशीत होते. पाचेकशे किलोमीटरवरचं विद्यापीठ, त्यात ना ते शिकणार ना त्यांची मुलं. तरी निघाले. वाटेत लाठ्या खाल्ल्या, अटक झाली. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचं नाव झालं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ठरावापासून सोळा वर्षं.

लहानपणी मी बाबांना विचारायची, की पाट्यांचं काय एवढं. ते सांगायचे, की मराठवाड्यात विद्यापीठ 1958 मध्ये आलं, पण त्याच्या आठ वर्षं आधी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज तिथे उभं होतं, ज्याला आपण आज मिलिंद म्हणतो. ज्यानं पहिल्यांदा दार उघडलं त्याचं नाव दारावर लागावं, एवढंच मागणं होतं.

मात्र इथे मला स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. नामांतराच्या विरोधकांत सगळेच घरं जाळणारे नव्हते. काही जण म्हणत होते, की 'मराठवाडा' हा शब्द आम्ही निजामाशी लढून मिळवलाय, तो पुसू नका. ते वाक्य आणि माझ्या शेजारच्या आजोबांचं वाक्य शेजारी ठेवलं तर फरक दिसत नाही. हलच्या स्टँडमध्ये उभी असताना ही गोष्ट मला बोचली होती, आजही बोचते. बाबांचा 'नाव कोण मागून राहिलं' हा प्रश्न नेमका इथेच उपयोगी पडतो. हलमध्ये नाव मागत होता एक मालक, ज्याच्या हातात सगळं होतं, आणि ज्यांच्या हातात फक्त तो शब्द होता त्यांच्याकडून मागत होता. मराठवाड्यात नाव मागत होते ते, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. एकीकडे नाव वरून खाली येत होतं, दुसरीकडे खालून वर चढत होतं. आणि शेवटी नामविस्तार झाला तेव्हा 'मराठवाडा' जागच्या जागी राहिला. बाबा सांगतात, मूळ मागणी नुसत्या बाबासाहेबांच्या नावाची होती, म्हणून तेव्हा त्यांना हे अर्धवट वाटलं होतं. आता वाटत नाही. कोणाचं काही न हिसकावता आपलं मिळालं, असं ते म्हणतात.

अल्लम यांनाही ही वाट मोकळी होती. हल विद्यापीठात त्यांच्या कुटुंबाच्या नावाची वैद्यकीय शिक्षणाची इमारत आहे. त्यावर गावात कोणी तोंड वाकडं केलेलं मी ऐकलं नाही, कारण ती त्यांच्या देणगीतून उभी राहिली. स्टेडियमचं नाव तर पैसे देणाऱ्या कंपनीप्रमाणे केसी, केकॉम, एमकेएम असं बदलत आलंय, तेही लोक सहज घेतात. ज्यावर पैसे लावले त्यावर नाव लावा. पण क्लब 1904 पासून लोकांनी पावसात उभं राहून घडवलाय. तो विकत घेता येतो, त्याची हाक विकत घेता येत नाही. राजांनाही ते जमलेलं नाही. 1299 मध्ये पहिल्या एडवर्डने या गावाला 'किंग्स्टन', म्हणजे राजाचं गाव, असं नाव दिलं. कागदोपत्री आजही ते किंग्स्टन अपॉन हल आहे. सातशे वर्षं झाली, पण मी सोडाच, गावातलं कोणीच तसं म्हणत नाही. नदीच्या नावावरून हल, बस.

नागपुरात आपण वेगळं काय करतो? सरकारी कागदावर इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, ऑटोवाल्याला सांगायचं 'मेयो'. माझ्या पदवीच्या कागदावर नागपूर विद्यापीठ आहे, 1923 सालचं. 2005 मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं, म्हणून धाकट्या बहिणीच्या कागदावर पूर्ण लांब नाव आहे. तुकडोजी महाराज आमच्या विदर्भाचे, खंजिरीवर गाव जागवणारे, त्यांच्या नावाला कोणाची हरकत असणार? पण मुलं म्हणतात 'आरटीएम'. महाराजांची तीन इंग्रजी अक्षरं झाली. आदर म्हणून दिलेलं नाव लोकांच्या तोंडात बसतंय का हे कोणी पाहिलं नाही, आणि त्यात नुकसान महाराजांचंच झालं, असं माझं मत आहे.

गोरेवाड्याचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. जानेवारी 2021 मध्ये तिथलं प्राणी उद्यान बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने सुरू झालं. आदिवासी संघटना रस्त्यावर आल्या, 'गोंडवाना' नाव द्या म्हणाल्या. नागपूर शहर वसवलं देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने. त्याच्या माणसांनी त्याच्याच मुलखातल्या जंगलाला आपलं नाव मागितलं, तर ते ऐकून घ्यायला काय हरकत होती? बाळासाहेबांच्या कर्तृत्वाचा इथे संबंधच नाही. संभाजीराजे आणि अहिल्याबाईंबद्दल आदर नसलेला मराठी माणूस शोधून सापडायचा नाही, तसंच हे. ग्रुपवरचे वाद 'त्यांच्याबद्दल आदर आहे की नाही' यावर घसरतात आणि विचारायचा प्रश्न मागे राहतो.

फुटबॉलमधलंच हवं असेल तर लांब जायला नको. कोलकात्याच्या मोहन बागान या 1889 सालच्या क्लबच्या नावाआधी 2020 मध्ये 'एटीके' या दुसऱ्या क्लबचं नाव लागलं. 1911 मध्ये अनवाणी पायांनी गोऱ्यांच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या संघाच्या नावाआधी दुसऱ्याचं नाव, हे समर्थकांनी तीन वर्षं मान्य केलं नाही. मार्च 2023 मध्ये संघ आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकला त्याच रात्री मालकांना जाहीर करावं लागलं, की एटीके जाणार. त्याच कोलकात्याच्या मैदानात बीएनआर नावाचा संघ होता. बीएनआर म्हणजे बेंगाल नागपूर रेल्वे. रेल्वे कंपनी सरकारजमा झाली, 1955 मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली, तरी संघ बीएनआरच राहिला. आमच्या गावचं नाव तिथल्या लीगमध्ये असं टिकून होतं, हे मला इथे येऊन कळलं.

भावाला मी शेवटी विदर्भाचं उदाहरण दिलं. 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली. नकाशात विदर्भ राज्य नाही, कधी होईल सांगता येत नाही. पण त्या दिवशी धावफलकावर 'विदर्भ' होतं आणि तू बर्डीवर नाचत होतास. उद्या कोणी म्हणालं, की विदर्भ हे नाव परदेशात कोणाला समजत नाही, आपण 'ऑरेंज टायगर्स' म्हणू, तर?

त्याचं उत्तर आलं, "काहून बे, कोण म्हणते?"

म्हणजे त्यानेही पहिला प्रश्न तोच विचारला.

इथे मला घरच्यासाठी हेवा वाटतो तो एका गोष्टीचा. हल, कार्डिफ (तिथे मालकाने 2012 मध्ये निळा शर्ट लाल केला आणि 2015 मध्ये परत निळा करावा लागला), विम्बल्डन (तिथला फुटबॉल क्लबच दुसऱ्या गावी नेला) अशा सगळ्या भांडणांचा निचरा 2025 च्या जुलैमध्ये कायद्यात झाला. फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. क्लबचं चिन्ह किंवा घरच्या शर्टाचे मुख्य रंग बदलायचे तर बहुसंख्य समर्थकांचा पाठिंबा आहे हे आता क्लबला दाखवावं लागतं. नावासाठी असोसिएशनची मंजुरी सक्तीची झाली. एका खेळासाठी एवढं. आपल्याकडे हरकती आणि सूचना मागवल्याची जाहिरात निघते, पण मेयोसमोरच्या पानठेल्यावर बसणाऱ्याला ती कधी दिसलीय?

2014 नंतर क्लबच्या चिन्हावर नाव नव्हतंच, वाघाचं तोंड आणि 1904 एवढंच. 2019 मध्ये 'हल सिटी' हे शब्द त्यावर परत आले. जानेवारी 2022 मध्ये क्लब दुसऱ्या मालकाकडे गेला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेम अल्लम वारले. शेजारचे आजोबा त्याआधीच गेले होते. नव्या चिन्हाचा मफलर मी बाबांना नागपूरला पाठवला. मे महिन्यात त्याचा काय उपयोग, असं आई म्हणाली. बाबांनी तो बैठकीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खुंटीला अडकवलाय. घरी येणारा विचारतो, की हे काय. ते सांगतात, "हल सिटी. पोरीचं गाव."